अडलेल्या फायलींचे कादरी साहेब

परवा आमच्या लातूरच्या ऑफिसात, डिस्पॅचला नवीन लागलेली मुलगी शेजारणीला म्हणाली, "ही फाइल उघडत नाही. वर लाल पट्टी येतीय." शेजारणीनं मान वर न करता सांगितलं, "मग कादरी कर की." मुलीनं मेल पाठवणाऱ्याचा नंबर शोधला, फोन लावला, आणि काय पाठवलंय, कशात बनवलंय, तुम्हीच पाठवलंय ना, हे सगळं विचारून घेतलं. मग ती फाइल दुसऱ्या प्रकारात मागवली आणि कामाला लागली.

ती मुलगी कादरी साहेबांना कधीही भेटलेली नाही. कादरी हे एका माणसाचं आडनाव आहे, हेसुद्धा तिला ठाऊक नसावं. स्कॅन करणं, प्रिंट करणं, तसं कादरी करणं.

मी पलीकडच्या केबिनमध्ये बसून हे ऐकत होतो. जो मेलचा प्रोग्राम त्या फायली अडवतो, तो या कंपनीत मी आणला. कोणत्या प्रकारची फाइल अडवायची, कोणती सोडायची, याचे नियम मी बसवले आणि आजही मीच सांभाळतो. पण "बिराजदार कर" असं कुणी कुणाला म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

आमची कंपनी बियाण्यांची. मुख्य ऑफिस लातूरला एमआयडीसीत, मोठी शाखा नांदेडला नव्या मोंढ्याजवळ. कॉम्प्युटर सांभाळणारे आम्ही दोघं; लातूरला मी, नांदेडला मुनीर कादरी. दोघांचा हुद्दा एक, डिप्लोमाही एकाच विषयातला. ते माझ्यापेक्षा वयानं थोडे मोठे. उंच, सडसडीत, शर्टाची कॉलर नेहमी खळ घातलेली, आणि ते खोलीत यायच्या आधी अत्तराचा वास यायचा. साधेपणा हा गुण त्यांच्यात अजिबात नव्हता. आपण चांगले दिसतो हे त्यांना माहीत होतं, आणि आपला आवाज चांगला आहे हे तर त्यांना फारच माहीत होतं. तरुणपणी काही दिवस एका रेडिओ केंद्रावर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात हंगामी निवेदक म्हणून ते बोलले होते. नवीन माणूस भेटला की चहा संपायच्या आत ही गोष्ट यायचीच. "आवाज अल्लानं दिला," ते म्हणत, "डिप्लोमा वडलांनी करायला लावला."

आणि आवाज होताच तसा. फोनवर ऐकला की समोरचा माणूस हातातलं काम ठेवायचा. फोन लावण्याआधी ते पाण्याचा एक घोट घेत आणि उभे राहत. बसून बोललं की आवाज बसका निघतो, असं त्यांचं म्हणणं. मग पहिलं वाक्य ठरलेलं. "मी मुनीर कादरी बोलून राहिलो, नांदेडहून. जेवण झालं का?" सकाळ असो की संध्याकाळ, जेवणाचं विचारल्याशिवाय ते पुढे जात नसत. ऐन सकाळी हा प्रश्न ऐकून लोक हसायचे, आणि हसलेला माणूस मग सगळं सांगायचा.

हा मेलचा प्रोग्राम आला त्यालाही कारण होतं. नांदेडच्या गोडाउनमध्ये कुणीतरी बिलाच्या नावानं आलेली एक फाइल उघडली आणि तिथले साठ्याचे सगळे कॉम्प्युटर कुलूपबंद झाले. आमचे मालक, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, त्यांनी मला बोलावून सांगितलं की परत असं झालं नाही पाहिजे. मी चांगला अभ्यास करून नवा प्रोग्राम निवडला. धोक्याच्या प्रकारची फाइल मेलला जोडून आली की तो मेल आत घ्यायचा, फाइल मात्र अडवून धरायचा, आणि वर लाल पट्टीत लिहायचा की सुरक्षेसाठी ही फाइल रोखली आहे. मी नांदेडला जाऊन तो स्वतः बसवला, आणि काय करावं, काय करू नये, याचं एक स्वच्छ टाइप केलेलं पान प्रत्येकाच्या टेबलावर ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी शाखेत गोंधळ उडाला. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या फायली अडल्या, दुकानदारांच्या अडल्या, छपाईवाल्याच्या पाकिटांच्या नमुन्यांची फाइल अडली. मी एकेकाला ते पान वाचायला सांगत होतो. गोडाउनचे पांडुरंगकाका पान माझ्या हातात परत देत म्हणाले, "साहेब, हे वाचून काय करू? आधी हे सांगा, लाल पट्टी आली म्हंजी माझ्याकडून काय गुन्हा झाला का?"

तेव्हा मला कळलं की अर्धं ऑफिस घाबरलेलं होतं. मागच्या वेळी ज्यानं फाइल उघडली होती त्याला बोलणी बसली होती, आणि आता प्रत्येकाला वाटत होतं की पट्टी म्हणजे आपल्या नावानं निघालेली नोटीस. काही जणांनी तर पट्टी आलेले मेल कुणी बघायच्या आत पुसून टाकले होते.

कादरी साहेब खोलीच्या मधोमध येऊन उभे राहिले. मोठ्यानं बोलले नाहीत, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "पट्टी तुम्हाला नाही आली. पाठवणाऱ्याला आलीय. तो तिकडं बसलाय, त्याला दिसत नाही, म्हणून ती तुमच्या तोंडासमोर आली. आता तुम्ही फक्त त्याला सांगायचं." मग त्यांनी पांडुरंगकाकांच्या मेलवरचा नंबर बघितला, पाणी प्यायले आणि फोन लावला. जेवण झालं का, तुम्हीच पाठवलं का, काय पाठवलं, कशात बनवलं. पलीकडच्या माणसानं तीच फाइल साध्या प्रकारात परत पाठवली. काकांचा चेहरा सैल झाला. मग दुसरं टेबल, मग तिसरं.

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं की असे फोन करत बसलात तर दिवस जाईल.

"जाऊ द्या ना, बिराजदार साब," ते म्हणाले. "दिवस कुठं थांबून राहतो?"

लातूरला परत येताना लोह्याच्या पुढं बस पंक्चर झाली आणि मला विचार करायला भरपूर वेळ मिळाला. माझ्या प्रोग्राममध्ये खोट नव्हती. माझ्या पानावर एकही चूक नव्हती. तरी मी निघताना पांडुरंगकाका मला नुसतं "या साहेब" म्हणाले, आणि कादरींच्या टेबलावर कुणीतरी घरून आणलेली गूळपोळी ठेवून गेलं होतं. ती पोळी मला दिसली नसती तर बरं झालं असतं.

हदगावच्या माधवरावांचं प्रकरण त्यानंतरचं. माधवराव आमचे जुने दुकानदार. ते दर आठवड्याला आपल्या दुकानातला शिल्लक माल कळवायचे, आणि दर आठवड्याला त्यांची फाइल अडायची. हिशेबाच्या जुन्या प्रोग्राममधली अख्खी साठवणच ते जोडून पाठवत, आणि तसल्या फायली प्रोग्राम आत सोडत नाही. मी त्यांना मराठीत, नम्र भाषेत मेल लिहिला की हा प्रकार चालत नाही, कृपया दुसऱ्या प्रकारात पाठवा. पुढच्या आठवड्यात तीच फाइल. मी परत लिहिलं. परत तीच फाइल. मी मनात म्हटलं, या माणसाला वाचायचंच नाही.

कादरींनी फोन केला. फोनवर काय झालं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी ते एसटीनं हदगावला गेले. माधवरावांचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला होता. जाताना त्यानं बापाला एक बटण दाखवून दिलं होतं, आणि बापाला ते एकच बटण येत होतं. त्या बटणातून जी फाइल निघायची ती हीच. माझे मेल त्यांनी वाचले होते, दोन्ही वाचले होते, पण "दुसरा प्रकार" म्हणजे काय हे विचारायचं कुणाला? मुलाला फोन करून विचारलं तर त्याला वाटेल बापाला जमत नाही. म्हणून ते गप्प बसून तेच करत राहिले.

कादरींनी त्यांना दुसरी वाट दाखवली. ती लक्षात राहावी म्हणून माधवरावांच्या बायकोकडून एक टिकली मागून घेतली आणि कीबोर्डवर त्या नव्या वाटेच्या बटणावर चिकटवली. त्या दिवसापासून हदगावची फाइल एकदाही अडली नाही. येताना त्यांच्यासोबत घरच्या हळदीची पिशवी होती. पुढं माधवरावांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पहिली पत्रिका नांदेडला कादरींच्या घरी गेली. मलाही आली, पण पोस्टानं.

या माणसाच्या तोंडात एक वाक्य सारखं असायचं. "फाइल मशीन पाठवत नाही, माणूस पाठवतो." मला ते वाक्य ऐकून कंटाळा आला होता. पण ते खरं आहे हे मला दिसत होतं, आणि खरं आहे म्हणून तर जास्त त्रास व्हायचा.

मीही एकदा करून बघितलं. ऑफिसात जेवणाची सुट्टी होती, आजूबाजूला कुणी नव्हतं. पोती शिवणाऱ्या एका कारखान्याचा मेल अडला होता. मी उभा राहिलो. पाणीसुद्धा प्यायलो. फोन लावून म्हटलं, मी लातूरहून बिराजदार बोलतोय, जेवण झालं का. पलीकडे एक माणूस होता. मग तो माणूस म्हणाला, "कोण पाहिजे?" मी सांगितलं की तुमच्या मेलला एक फाइल जोडलेली आहे, ती तुम्हीच पाठवली का, त्यात काय आहे. तो म्हणाला, "आता ओटीपी मागाल. ठेवा फोन." आणि त्यानंच ठेवला.

दोन दिवसांनी त्याच माणसाला कादरींनी फोन केला. तो त्यांच्याशी बराच वेळ बोलला, आणि कुणीतरी लातूरहून फसवायला फोन केला होता अशी तक्रारही त्यांच्याकडेच केली. कादरींनी मला ते हसत हसत सांगितलं. तो फोन माझा होता हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना कळलं होतं की नाही, हे आजही मला माहीत नाही. कळलं असलं तरी ते बोलले नसते, आणि ही गोष्टसुद्धा मला आवडत नसे.

पण खरं झोंबलं ते घरात. माझी बायको संगीता चाकूरच्या शाळेत शिक्षिका आहे. तिच्याकडे प्रशिक्षणाची एक फाइल आली होती, आत आपोआप चालणारी गणितं असल्यामुळे शाळेच्या मेलनं ती अडवली. तिनं मला फोन केला. मी मीटिंगमध्ये होतो. म्हटलं संध्याकाळी घरी बघू. संध्याकाळी मी घरी आलो तर ती वह्या तपासत बसलेली. मी विचारलं, फाइल दाखव. ती म्हणाली, "झालं ते. कादरी साहेबांना फोन केला होता."

"त्यांना कशाला?"

"तुम्ही मीटिंगला होता ना. त्यांनी मलाच त्या फाइल पाठवणाऱ्या बाईंना फोन करायला लावला. त्याही घाबरल्या होत्या बिचाऱ्या, दिवसभर सगळ्यांचे फोन, पण ओरडायलाच." मग वही मिटून ती म्हणाली, "किती नीट बोलतात हो ते. आधी विचारलं, जेवलात का."

मी जेवायला बसलो. ताटात वरण वाढलेलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं जेवलात का, कारण मी जेवतच होतो. पण त्या वेळी हा हिशेब सुचत नाही. आपलं घर, आपली बायको, आपला विषय, आणि त्यात नांदेडचा एक माणूस फोनवरून येऊन बसलाय, एवढंच दिसतं.

त्यानंतरच्या खरिपाच्या तोंडावर जे झालं त्यानं कादरी साहेबांचं नाव कंपनीत कायमचं झालं. सोयाबीनच्या बियाण्याचा एक साठा उन्हाळाभर नांदेडच्या गोडाउनमध्ये होता. माल बाहेर पडायच्या आधी उगवण परत तपासायची म्हणून नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत दिले होते. पहिल्या तपासणीत बियाणं चांगलं निघालं होतं, त्यामुळं दुसरा रिपोर्ट ही नुसती रीत, असं सगळे धरून चालले होते. पेरणीची घाई होती. दुकानदारांचे फोन येत होते. सकाळी ट्रक भरून हदगावकडे निघालेसुद्धा.

ट्रक निघाल्यावर रिपोर्टचा मेल आला. लातूरच्या ऑफिसला आला, नांदेडला त्याची प्रत गेली. प्रयोगशाळेनं नवीन प्रोग्राम घेतला होता आणि त्यातून रिपोर्ट स्वतः चालणाऱ्या फाइलच्या रूपात निघत होता. तसली फाइल आमचाच काय, कोणताही शहाणा मेल प्रोग्राम आत सोडणार नाही. लाल पट्टी आली.

मी माझं काम केलं, आणि चांगलं केलं. ती फाइल ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडलेल्या वेगळ्या कॉम्प्युटरवर घेतली, तपासली, त्या प्रोग्रामच्या कंपनीकडून खात्री करून घेतली आणि मग उघडली. घाई केली नाही, उशीरही केला नाही. हे काम याहून लवकर आणि सुरक्षित कुणी करून दाखवावं, असं मी आजही म्हणेन. रिपोर्टमध्ये उगवण मर्यादेच्या बरीच खाली आली होती. उन्हाळ्यात माल तापला होता. मी धावत अप्पांच्या केबिनमध्ये गेलो.

अप्पा फोनवर होते. त्यांनी मला हातानंच थांबवलं, फोन ठेवला आणि म्हणाले, "कळलं मला. कादरीनं गाड्या थांबवल्यात."

कादरींनी फाइल उघडायचा प्रयत्नच केला नव्हता. पट्टी बघितली, पाणी प्यायले, आणि प्रयोगशाळेत फोन लावला. तिथल्या तपासनीस बाईंना जेवणाचं विचारलं. त्या बाई म्हणाल्या, रिपोर्ट वाचला ना तुम्ही? ते म्हणाले, नाही वाचता आला, तुम्हीच वाचून दाखवा. बाईंनी आकडे वाचले आणि म्हणाल्या की माल जाऊ देऊ नका. ट्रकवाले फोन उचलत नव्हते. मग कादरींनी हदगावला माधवरावांना फोन केला. माधवराव दुकानाला कुलूप लावून थेट रस्त्यावर जाऊन उभे राहिले, आणि एकही पोतं खाली उतरू दिलं नाही.

ते बियाणं रानात गेलं असतं तर किती जणांची पेरणी वाया गेली असती, आणि दुबार पेरायला त्यांच्याजवळ ना बियाणं उरलं असतं ना दिवस, हे इकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. कंपनी तर बुडालीच असती. म्हणून अप्पांनी कादरींना लातूरला बोलावलं, सगळ्या स्टाफसमोर शाल दिली आणि माइक हातात दिला. माइक हातात आल्यावर कादरी साहेबांना काय व्हायचं ते झालं. त्यांनी तो दिवस असा उभा केला की ज्यांनी तो प्रत्यक्ष बघितला होता तेसुद्धा श्वास रोखून ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "मी नुसतं ऐकीव सांगितलं होतं. बिराजदार साहेबांनी फाइल उघडून खरं करून दाखवलं. ते नसते तर उद्या प्रयोगशाळा म्हणाली असती, कोण कादरी, आम्ही कुठं काय सांगितलं?" सगळ्यांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या.

त्यांनी माझं नाव घेतलं नसतं तर मला त्यांचा राग करता आला असता. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही.

पुढच्या वर्षी त्यांचा आवाज बसायला लागला. आधी त्यांनी उन्हावर ढकललं, मग धुळीवर, मग थंड पाण्यावर. फोन लावायच्या आधी एक घोट पाणी प्यायचे ते आता ग्लासभर लागायला लागलं. शेवटी हैदराबादला दाखवलं आणि तिथंच घशाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला. आवाज मात्र गेला. अगदी गेला नाही, पण जे उरलं ती नुसती कुजबूज होती. हवा जास्त, शब्द कमी.

मला वाईट वाटलं, हे खरं आहे. पण ऐकल्या क्षणी त्या वाईट वाटण्याच्या खाली आणखी काहीतरी हललं होतं. आता बघू, असं काहीतरी. आता हा माणूस माझ्यासारखा झाला. आता याच्याकडेही फक्त डिप्लोमाच राहिला.

तेवढ्यात कंपनीत नवे व्यवस्थापक आले. त्यांनी मला विचारलं की सगळा मेल लातूरहूनच चालतो, तर नांदेडला वेगळा माणूस कशाला हवा? तिथल्या अडलेल्या फायलींचे ढीग साचताहेत असं त्यांच्या कानावर आलं होतं. तुम्ही स्वतः जाऊन बघून या आणि लेखी मत द्या, असं ते म्हणाले. हे मत द्यायची वेळ माझ्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. येऊ नये असं वाटत होतं की यावी, तेही नक्की सांगता येत नाही.

भर मे महिन्यात मी नांदेडला गेलो. ती आमची शेवटची भेट. त्यानंतर वर्षभरानं कादरी साहेब निवृत्त झाले आणि मुलीकडे हैदराबादला राहायला गेले. सणासुदीला मेसेज येतो, मीही पाठवतो, पण त्यांना परत बघितलेलं नाही.

मी शाखेत शिरलो तेव्हा बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. ते टेबलाशी बसले होते. वाळले होते, पण कॉलरला खळ होती आणि अत्तर तेच. गळ्याभोवती पातळ रुमाल. मला बघून उठले, हात धरला आणि जवळ ओढून कानाशी म्हणाले, "मला बघायला आले, का जागा बघायला?"

खोटं बोलायला सुचलं नाही. "दोन्ही," मी म्हटलं.

"मग नीट बघा," ते म्हणाले आणि शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

त्यांच्या शेजारी आता रत्नमाला वाघमारे बसत होत्या, शाखेत फोन घेणाऱ्या बाई. पट्टी आलेला मेल दिसला की त्या नंबर लावून फोन स्पीकरवर ठेवत. ढीग वगैरे काही नव्हता. सुरुवातीला साचला होता, मग यांनी मिळून वाट काढली होती. मी बसल्यावर थोड्या वेळानं मुदखेडकडच्या एका दुकानदाराचा मेल आला. रत्नमालाबाईंनी नंबर लावला. पलीकडं रिंग वाजायला लागली तशी कादरींनी एक बोट वर केलं.

पांडुरंगकाका उठले आणि त्यांनी कूलर बंद केला. दुसऱ्या कुणीतरी पंखे बंद केले, एकामागून एक. प्रिंटरजवळ बसलेल्या माणसानं निघत असलेला कागद मध्येच थांबवला. बाहेर इतकं ऊन होतं की भिंतीला हात लावता येत नव्हता, आणि आत सगळं ऑफिस आपापल्या जागी हलायचं थांबून बसलं. क्षणात माझी पाठ भिजली. कुणी कागदानं वारासुद्धा घेतला नाही, कारण कागदाचाही आवाज होतो.

पलीकडून फोन उचलला गेला. कादरी साहेब उभे राहिले, फोनवर वाकले आणि त्या हवेसारख्या आवाजात म्हणाले, "मी मुनीर कादरी. जेवण झालं का?"

"कोण, कादरी साब का?" पलीकडचा माणूस म्हणाला. "थांबा थांबा, ट्रॅक्टर बंद करायला लावतो." आणि त्यानं तिकडं खरंच कुणाला तरी ओरडून सांगितलं. मागं घरघरणारं इंजिन थांबलं.

मग ते बोलत राहिले. घाई नव्हती. दुकानदाराच्या आईच्या गुडघ्याचं विचारलं, मग फाइलचं. मी तिथं बसूनच मनात ठरवलं की काय लिहायचं, आणि संध्याकाळी तसंच लिहून दिलं: नांदेडची जागा राहिली पाहिजे. त्या मतात मी काय लिहिलं होतं हे शाखेत मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

पण त्या दुपारी माझ्या डोक्यात नांदेडची जागा नव्हती, कंपनी नव्हती. मी त्या बंद पंख्यांकडे बघत होतो. समोर एक आवाज गेलेला आजारी माणूस उभा होता, त्याच्या कानशिलावरून घाम ओघळून कॉलरमध्ये मुरत होता, डोळे मिटलेले होते आणि तोंडावर रेडिओवर बोलत असल्यासारखं हसू होतं. सगळी खोली त्याच्यासाठी उकाड्यात गप्प बसली होती. आणि मी, ज्याचा आवाज शाबूत होता, त्याचा हेवा करत होतो.